‘मंजूर, मंजूर’ म्हणण्याआधी

(मंचर येथे युवा कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मघाशी चहाच्या वेळी तुमच्यातल्या काही जणांना मी एक प्रश्न विचारत होतो. आता सगळ्यांनाच विचारतो. ज्यांच्या घरचं दूध गावातल्या डेअरीला जातं त्यांनी हात वर करा. बरं. ज्यांच्या घरचा ऊस विघ्नहरला नाहीतर भीमाशंकरला जातो? ज्यांच्या घरात विकास सोसायटीचं पीककर्ज आहे? ज्यांच्या आईचं पतसंस्थेत पिग्मी खातं आहे? म्हणजे जवळजवळ सगळेच आलात. आता शेवटचा प्रश्न. गेल्या वर्षी यातल्या एका तरी संस्थेच्या वार्षिक सभेला कोण गेलं होतं? दोन हात. त्यातला एक मंडप-माइकवाला आहे, मला ठाऊक आहे. तो धंद्यासाठी गेला होता. (हशा)

मला दिलेला विषय आहे, ‘सहकारी व्यवसायातील व्यवस्थापन : कौशल्य आणि ज्ञान’. नाव भारदस्त आहे. पण जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत राहणाऱ्या माणसाला हा विषय रोज सकाळी किटली घेऊन डेअरीत गेल्यावर भेटतो. तिकडे निवृत्तीनगरला विघ्नहर कारखाना, इकडे पारगावला दत्तात्रयनगरचा भीमाशंकर, गावोगाव दूध संस्था, विकास सोसायट्या, बाजारपेठेत पतसंस्था आणि नागरी बँका. आपल्या घरातला बराचसा पैसा यांच्यातूनच येतो आणि यांच्यातच जातो. कायद्याने आपण या संस्थांचे मालक आहोत. एक सभासद, एक मत. दहा एकरवाल्यालाही एक आणि दहा गुंठेवाल्यालाही एकच.

आणि सप्टेंबरात काय होतं? वार्षिक सभा तीस सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून त्या महिन्यात सभांचा पाऊस पडतो. व्यासपीठावर हारतुरे. सचिव विषयपत्रिका वाचतो. ‘विषय क्रमांक तीन, ताळेबंद व नफा-तोटा पत्रक...’ वाक्य पुरं व्हायच्या आत मागून आवाज येतो, ‘मंजूर, मंजूर!’ मग जेवण. आपले लोक तर बहुधा जेवणालाही नसतात. विचारलं तर म्हणतात, ‘आम्हाला कोण विचारतं तिथे?’

या वाक्यावर मला बोलायचं आहे. पण त्याआधी मला स्वतःबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी इथे उभा राहून तुम्हाला शहाणपण शिकवणं बरं दिसणार नाही.

साधारण पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या भागात आपल्याच समाजातल्या काही मंडळींनी एक पतसंस्था काढली. नाव सांगत नाही. हेतू चांगला होता. फळविक्रेते, गॅरेजवाले, बांगड्यावाले, हातावर पोट असणारी माणसं. त्यांना बँक दारात उभं करत नव्हती. मी तेव्हा हायस्कूलमध्ये शिक्षक होतो. ‘सर शिकलेले आहेत’ म्हणून मला संचालक केलं. मी इतिहासाचा पदवीधर. मला मलिक अहमदाने जुन्नरहून निजामशाही कशी उभी केली ते सांगता येत होतं. ताळेबंदाची डावी बाजू कोणती आणि उजवी कोणती, हे माहीत नव्हतं. व्यवस्थापक म्हणून जो तरुण नेमला तो पाच वक्ताचा नमाजी, शब्दाचा पक्का. तो प्रामाणिक होता, हे मी आजही म्हणतो. फक्त त्याला तेरीज जुळवता येत नव्हती.

पहिली चार वर्षं आम्ही डिव्हिडंड वाटला, पेढे वाटले. नफा कुठून येत होता? सहकारात एक शब्द आहे, ‘नवं-जुनं’. तुम्ही ऐकला असेल. समजा, एकाने पन्नास हजार घेतले. वर्षभरात एक पैसा भरला नाही. एकतीस मार्चला त्याला साठ हजारांचं नवं कर्ज मंजूर करायचं, त्यातून जुनं पन्नास हजार आणि त्यावरचं व्याज वसूल दाखवायचं. कागदावर थकबाकी शून्य. व्याज नफ्यात धरलं. प्रत्यक्षात तिजोरीत रुपयाही आला नाही, उलट येणं दहा हजारांनी वाढलं. आणि त्या कागदी नफ्यावर आम्ही खरा पैसा डिव्हिडंड म्हणून वाटत होतो. मासिक सभेचं इतिवृत्त रजिस्टर शाळेत यायचं. तासाच्या मधल्या पाच मिनिटांत मी सही करायचो. कधी एक पान उलटून वाचलं नाही.

मग दोन मोठ्या ठेवीदारांनी एकाच आठवड्यात ठेवी मागितल्या. एकाला दिल्या, दुसऱ्याला ‘सोमवारी या’ म्हटलं. सोमवारी तो एकटा आला नाही, त्याच्यामागे रांग आली. त्या रांगेत माझी खाला होती. तिने दोन म्हशी विकून मुलीच्या लग्नासाठी एक लाख ऐंशी हजार ठेवले होते, तेही माझ्याकडे बघून. पुढे प्रशासक आला, नंतर अवसायक आला. चौकशी झाली आणि सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली माझ्या नावाने नोटीस आली. नुकसान संचालकांकडून व्यक्तिशः वसूल का करू नये, अशी. मी काही खाल्लं नव्हतं. पण सही माझी होती. पगारातून माझा वाटा किती वर्षं भरत होतो ते घरच्यांना विचारा. खालाची मुलगी नात्यातल्या एका घरात साधेपणाने दिली. खालाने मला एका शब्दाने दुखावलं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

त्या नोटिशीचं उत्तर लिहायला मी वकिलाकडे गेलो, तेव्हा पहिल्यांदा आमच्याच संस्थेचा ताळेबंद नीट पाहिला. वकिलाने दहा मिनिटांत दाखवलं की सगळं पहिल्या वर्षापासून तिथेच लिहिलेलं होतं. लेखापरीक्षकाने शेरे मारले होते. तिसऱ्या वर्षी संस्थेला ऑडिटचा ‘क’ वर्ग मिळाला होता. आम्ही सर्वांनी मिळून तो अहवाल ‘मंजूर’ केला होता.

म्हणून वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी जी. डी. सी. अँड ए. ची परीक्षा दिली. म्हणजे सहकार आणि लेखाशास्त्र यांची शासकीय पदविका. पदवीधराला देता येते, सहकार खातं घेतं. पहिल्या वेळी हिशेबाच्या पेपरात नापास झालो. दुसऱ्या वेळी निघालो. निवृत्तीनंतर या दोन तालुक्यांतल्या छोट्या संस्थांची दप्तरं लिहायला आणि तपासायला मदत करतो, विशेषतः दूध संस्थांची.

अभ्यास करताना एक गंमत ध्यानात आली. जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, तपशील, हिशेब. मराठी हिशेबाचे हे शब्द अरबी-फारसीतून आलेले. ज्या जुन्नरात मी लहानपणी आजोळी जायचो, तिथले कागदी लोक हातकागद बनवायचे. जुन्नरी कागद पेशव्यांच्या दप्तरात वापरला जायचा. म्हणजे कागद आपल्या लोकांनी केला, हिशेबाचे शब्द आपल्या ओळखीच्या भाषांतले, आणि त्या कागदावर काय लिहिलंय ते वाचायची वेळ आली की आपण म्हणणार, ‘आम्हाला काय कळतंय त्यातलं.’ आणखी एक. कुरआनातली सर्वांत लांब आयत कोणती, तुम्हाला माहीत असेल. सूरह बकराची २८२ वी. ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, लिहिणारा कसा असावा आणि साक्षीदार कसे असावेत याबद्दल. आम्ही संचालक मंडळाच्या सभेची सुरुवात तिलावतीने करायचो. तिचा अर्थ लावत बसलो असतो तर कदाचित खाला वाचली असती.

आता दूध संस्थेकडे येऊ, कारण सुरुवात करायला तिच्यासारखी शाळा नाही. गाईच्या दुधाचा दर महाराष्ट्रात ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या मापावर ठरतो. त्याखाली गेलं की पॉइंटमागे पैसे कापले जातात. आपण म्हणतो, पॉइंटाने काय होतंय. समजा गावचं संकलन रोज एक हजार लिटर आहे आणि पॉइंटामागे तीस पैसे कापतात. मशीन एक पॉइंट कमी दाखवत असेल तर रोजचे तीनशे रुपये गेले. वर्षाचे एक लाख साडेनऊ हजार. एका छोट्या गावातून, चोरीशिवाय, नुसत्या दुर्लक्षामुळे.

आंबेगावातल्या एका गावात असंच चाललं होतं. सकाळी फॅट बरी लागायची, संध्याकाळी पडायची. लोक म्हणायचे सचिव खातो. सचिव म्हणायचा लोक पाणी घालतात. दोन गट पडले, प्रकरण निवडणुकीपर्यंत गेलं. त्या गावात आपल्याच समाजातली एक मुलगी बी.कॉम. होऊन घरी बसली होती. सचिवाच्या हाताखाली तिला संगणकावर नोंदी करायला घेतलं. तिने कोणावर आरोप केला नाही. तिने एका वहीत तीन आठवडे रोज तीन आकडे लिहिले: आपल्या मशीनची सरासरी, संघाच्या टँकरची पावती, आणि काही नमुन्यांची गर्बर पद्धतीने काढलेली फॅट. सकाळचे आकडे जुळत होते, संध्याकाळचे नाहीत. मग कळलं की सकाळचं संकलन संपल्यावर मशीन नीट धुतलंच जात नव्हतं; पोऱ्याला शाळेची घाई असायची. उपाय काय? धुण्याची वेळ, धुणाऱ्याची सही, आणि दर महिन्याला मशीनची तपासणी. भांडण तिथे संपलं. मोठ्या कॉलेजांत याला गुणवत्ता व्यवस्थापन म्हणतात. ती मुलगी त्याला ‘वही’ म्हणते.

२०२४ मध्ये सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे अनुदान दिलं, तेव्हाही हेच दिसलं. अट होती की जनावराच्या कानात बिल्ला हवा, त्याची ऑनलाइन नोंद हवी आणि पैसे बँक खात्यात जाणार. जिथे सचिवाने याद्या वेळेवर भरल्या तिथे पैसे आले. जिथे भरल्या नाहीत, तिथे माणसं पुढाऱ्यांच्या दारात बसली.

आता मी तुम्हाला डिंभ्याला घेऊन जातो. इथून पश्चिमेला घोडेगाव ओलांडलं की घोड नदीवरचं धरण लागतं. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. १९३० साली मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झालेला तो गिरणी कामगार आपल्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. या धरणात महादेव कोळी आणि कातकरी लोकांच्या जमिनी आणि गावं गेली. ज्या आंबेगाववरून तालुक्याला नाव मिळालं ते गावही पाण्याखाली आहे. पाणी खालच्या शेतीला गेलं, टोमॅटोला गेलं, उसाला गेलं. आपल्यातल्या अनेकांच्या घरची बरकत त्या पाण्याची आहे, हे विसरू नका.

काठावर उरलेल्या लोकांबरोबर कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने काम सुरू केलं. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन कसण्याचा हक्क हा त्यातला एक भाग. दुसरा भाग म्हणजे आदिवासी मच्छीमारांची सहकारी संस्था. मला त्या संस्थेचं विशेष वाटतं ते यासाठी, की हक्क मिळाल्यावर खरं अवघड काम सुरू झालं. जलाशय मोठा. त्यात मासळी आपोआप होत नाही. रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडावं लागतं. बारीक बीज आणून सोडलं तर बरंचसं वाटेत मरतं आणि उरलेलं मोठे मासे खातात. पैसे पाण्यात, शब्दशः. म्हणून बीज बोटाएवढं होईपर्यंत सांभाळायचं. त्याला ‘बोटुकली’ म्हणतात. जमिनीवर तळी करायला यांच्याकडे जमीन कुठे होती? ती तर बुडाली होती. तेव्हा मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या मदतीने जलाशयातच पिंजरे तरंगवून त्यात बोटुकली वाढवायला हे लोक शिकले.

आता विचार करा, एका पिंजऱ्यामागे किती गोष्टी येतात. बीज कधी आणायचं, एका पिंजऱ्यात किती ठेवायचं, खाद्य किती द्यायचं, जाळं फाटलंय का हे कोणी बघायचं, रात्री राखण कोणाची पाळी. लहान मासा धरायचा नाही हा नियम. तो पाळायचा कोणी आणि मोडणाऱ्याला विचारायचं कोणी, जेव्हा मोडणारा आपलाच भाऊबंद असतो? मासळी निघाल्यावर वजन, दर, वाटणी, पुढच्या वर्षीच्या बीजासाठी राखून ठेवायचा पैसा. हे सगळं अशा लोकांनी शिकायचं ज्यांच्यातल्या अनेकांना शाळेत फार दिवस बसता आलं नव्हतं. ‘शाश्वत’ला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. पारितोषिकाचं कौतुक आहेच. पण मला त्या रात्रीच्या राखणीच्या पाळ्यांचं जास्त कौतुक आहे. ज्यांचं गाव बुडालं त्यांना ‘आम्हाला कोण विचारतं’ म्हणण्याचा आपल्यापेक्षा जास्त अधिकार होता.

उसाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बोलायला लागलो तर जेवणाची वेळ होईल. २०२४-२५ च्या हंगामासाठी एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये होती. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. उतारा एका दशांशाने वाढला की टनाला ३३ रुपये २० पैसे जादा. म्हणजे अर्ध्या टक्क्याला १६६ रुपये. शंभर टन ऊस घालणाऱ्याचे सोळा हजार सहाशे. हा उतारा तुमच्या एकट्याच्या उसाचा नसतो, पूर्ण कारखान्याचा असतो. तो तोडणीच्या कार्यक्रमावर, तोडलेला ऊस किती तास गाडीत वाळत उभा राहतो यावर, यंत्रं किती वेळा बंद पडतात यावर ठरतो. म्हणजे व्यवस्थापनावर. आणि ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे मिळाले नाहीत तर पंधरा टक्के व्याज देणं ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. हे कुठल्याही कारखान्याच्या सभेत विचारता येतं. विचारणाऱ्याला आकडे पाठ हवेत, आवाज मोठा नसला तरी चालतो.

प्रवरानगरची गोष्ट तुम्ही वाचली असेल. विठ्ठलराव विखे पाटलांचं शालेय शिक्षण फार नव्हतं, पण शेतकरी त्यांच्या शब्दावर भाग घेत होते. त्यांनी अध्यक्षपदावर बसवलं गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळांना. माणसं जोडणारा आणि हिशेब जाणणारा, दोघं एका टेबलाशी बसले. आमच्या पतसंस्थेत सगळेच माणसं जोडणारे होतो.

आता ‘आम्हाला कोण विचारतं?’ त्यात थोडं खरं आहे. काही गावांत सभासदत्वाचे अर्ज पडून राहतात, मुद्दाम. ते फक्त आपल्याच बाबतीत होतं असं नाही. विरोधी गटाच्या पाटलाच्या पोरालाही हा अनुभव येतो. पण कायदा काय म्हणतो? पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. तीन महिन्यांत संस्थेने निर्णय कळवला नाही तर तुम्हाला सभासद करून घेतल्याचं मानलं जातं. नाकारलं तर निबंधकाकडे अपील आहे. अर्ज मात्र लेखी हवा आणि पोचपावती हवी. आपण तोंडी विचारतो, समोरचा तोंडी ‘बघू’ म्हणतो, आणि आपण वीस वर्षं तक्रार सांगत फिरतो. तसंच कलम ३२. सभासदाला उपविधी, लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, सभांची इतिवृत्तं, स्वतःच्या खात्याच्या नोंदी बघायचा आणि फी भरून नकला घ्यायचा अधिकार आहे. मी संचालक असून मला हे माहीत नव्हतं, तर खालाला कुठून माहीत असणार?

दुसरी अडचण व्याजाची. अनेक घरांत सहकार म्हणजे पतसंस्था, पतसंस्था म्हणजे व्याज, म्हणून तिकडे जायचंच नाही, असं समीकरण आहे. ज्याचा त्याचा विवेक. मी त्यावर फतवा द्यायला आलेलो नाही. पण दूध संस्थेच्या दुधात, मच्छीमार संस्थेच्या मासळीत, खरेदी-विक्री संघाच्या खतात व्याज कुठे आहे? तिथल्या सभेला न जाण्याचं कारण दुसरंच काहीतरी असतं. आणि पतसंस्थेतच पैसे ठेवणार असाल तर एवढं तरी जाणून घ्या: सहकारी बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. बाहेर पाटी सारखीच चकचकीत असते. पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला. १९१२ साली स्थापन झालेली बँक. बुडाली तरी विम्यामुळे लहान ठेवीदारांना पैसे मिळाले. आमच्या रांगेला तसलं काही नव्हतं.

बागवान मंडळींची पोरं इथे बरीच दिसतायत. तुम्हाला वेगळं सांगायचं आहे. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात पहाटेपासून उभं राहून तुम्ही जे शिकलात ते कुठल्याही कॉलेजात मिळत नाही. क्रेटकडे बघून माल किती दिवस टिकेल, कुठल्या बाजारात जाईल, कुठे वाटेत फुटेल, हे तुम्हाला कळतं. २०२३ च्या जुलैत वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं आणि सप्टेंबरात तोच माल लोक रस्त्याकडेला ओतत होते, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं. शेतकऱ्यांच्या संस्था, उत्पादक कंपन्या निघतात, शीतगृह बांधतात, फीत कापतात, आणि माल विकणारा जाणकार माणूस नाही म्हणून बंद पडतात. त्यांना जी विद्या लागते ती तुमच्या घरात आहे. आजवर ती आपण गाळ्याच्या आत ठेवली, शेतकरी एका बाजूला आणि आपण दुसऱ्या बाजूला. तुमच्यातल्या दोघातिघांनी जरी अशा संस्थेत पगारी व्यवस्थापक म्हणून काम केलं, तर तुमचं काय जाईल? वडील थोडे रागावतील. ते रागावू देत.

परवा एकाने मला विचारलं, ‘सर, आपण पुन्हा एक आपली संस्था काढायची का?’ मी नको म्हणालो. कायमची नको असं नाही. पण ज्यांनी दुसऱ्याच्या संस्थेत पाच वर्षं कीर्द लिहिलेली नाही, तेरीज जुळवलेली नाही, वसुलीला गेलेले नाहीत, त्यांनी लोकांच्या ठेवी घेऊ नयेत. आधी गावच्या संस्थेत शिरा. जिथे मराठा, माळी, कोळी, आपण, सगळ्यांचं दूध एकाच कॅनमध्ये पडतं तिथे. मुलींना विशेष सांगतो: कायद्याने संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. बहुतेक ठिकाणी तिथे कोणाची तरी बायको, कोणाची तरी सून नावाला असते आणि सभेला तिचा नवरा येतो. ती जागा ताळेबंद वाचता येणाऱ्या बाईने घेतली तर काय होतं, ते ती वहीवाली मुलगी तुम्हाला सांगेल. यंदा ती उभी राहतेय.

शिकायचं कुठे? जी. डी. सी. अँड ए. चं सांगितलंच, दरवर्षी उन्हाळ्यात परीक्षा होते, पुस्तकं मराठीत मिळतात. पुण्यात विद्यापीठाजवळ वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आहे, १९६७ पासूनची. देशभरातली मुलं तिथे येतात, आपल्या तालुक्यातली फारशी दिसत नाहीत. आणि प्रत्येक संस्थेने सभासदांना प्रशिक्षण द्यावं अशी तरतूद आपल्या सहकार कायद्यात आहेच. ही कल्पना फार जुनी आहे. १८४४ मध्ये इंग्लंडातल्या रॉचडेलला अठ्ठावीस जणांनी, त्यात बरेचसे विणकर, आधुनिक सहकाराचं पहिलं दुकान काढलं. पुढे त्यांनी नफ्यातला अडीच टक्के हिस्सा शिक्षणासाठी बाजूला काढायचा नियम केला. त्यांनी त्या पैशांतून वाचनालय चालवलं. अडीच टक्के हा आकडा तुमच्या ओळखीचा आहे, दर रमजानला तुम्ही तो काढता. (हशा) आपल्याकडे संस्थांच्या अहवालातही शिक्षण निधीची ओळ असते. तो कुठे खर्च झाला, हा कोणत्याही नवख्या सभासदाने विचारण्यासारखा पहिला सोपा प्रश्न आहे. सहसा उत्तर सहलीचं निघतं.

बोलणं पुष्कळ झालं. माझ्या पिशवीत पाच संस्थांचे वार्षिक अहवाल आहेत, नावं झाकून आणली आहेत. पाच-पाच जणांचे गट करा, प्रत्येक गटाला एक अहवाल. यातल्या एका संस्थेत ‘नवं-जुनं’ चालू आहे. कुठल्या, ते चहापर्यंत तुम्ही मला सांगायचं आहे. चेअरमनच्या फोटोची पहिली चार पानं सोडून द्या आणि मागून सुरुवात करा. लेखापरीक्षकाचे शेरे शेवटी असतात, बारीक अक्षरात. चष्मा लागणाऱ्यांनी पुढे बसा.